‘मॅनेजर’ म्हणून निर्यात, मजूर म्हणून राबणूक

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की देशातील लहानमोठ्या शहरांत एका विशिष्ट प्रकारच्या जाहिराती झळकू लागतात. मागे समुद्र आणि काचेच्या उंच इमारती, पुढे कोट घातलेला हसतमुख तरुण आणि खाली ठळक अक्षरांत वचन : हॉटेल व पर्यटन व्यवस्थापनाच्या पदवीधरांना दुबई, दोहा, मस्कत, मॉरिशस येथे नोकरीची हमी. दलालाच्या कचेरीत आधी नोंदणीची रक्कम भरली जाते. मग मुलाखतीची, वैद्यकीय तपासणीची, प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाची आणि शेवटी व्हिसाची. शिक्षणासाठी काढलेले बँकेचे कर्ज अजून फिटलेले नसते. त्यावर नातेवाइकांकडील उसनवारीची आणि गहाण टाकलेल्या दागिन्यांची भर पडते. अखेर नेमणूकपत्र हातात येते. त्यावर ‘मॅनेजमेंट ट्रेनी’, ‘असिस्टंट मॅनेजर’, ‘गेस्ट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह’ असा एखादा हुद्दा छापलेला असतो. घरात पेढे वाटले जातात.

कामाचे खरे स्वरूप तिकडे पोचल्यावर कळते. सकाळच्या न्याहारीपासून टेबलांपाशी उभे राहायचे, दुपारी काही तासांची बिनपगारी ‘ब्रेक’, आणि पुन्हा मध्यरात्रीपर्यंत पाहुण्यांची सरबराई. गरज पडली तर बिछाने बदलायचे आणि बॅगाही उचलायच्या. राहायला दाटीवाटीची सामायिक खोली. हुद्दा मॅनेजरचा आणि काम वाढप्याचे, ही तक्रार परत आलेल्या तरुणांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. सर्वांचीच अशी फसगत होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कित्येकांना परदेशात चांगले वेतन मिळते, काही जण खरोखरच वरच्या जागांवर पोचतात, आणि त्यांनी पाठविलेल्या पैशांतून घरे उभी राहतात, बहिणींची शिक्षणे होतात. परंतु ज्याची फसगत होते, त्याला ती झाल्यावर दाद कोठे मागायची, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी नेमणूकपत्रावरील त्या एका शब्दात दडलेले आहे. ‘मॅनेजर’ ही केवळ पोकळ प्रतिष्ठेची पदवी नाही. कायद्याच्या दृष्टीने तिला निश्चित अर्थ आहे, आणि त्या अर्थाचा लाभ मालकाला व दलालाला मिळतो.

तरुण बाहेर का जातात?

परक्या पाहुण्याच्या सेवेसाठी भारतीय माणसाने समुद्र ओलांडणे नवे नाही. गोव्याचे तारवटी एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर आचारी, खानसामे व वाढपी म्हणून चाकरी करीत आले. दोन सफरींच्या मधल्या काळात डोके टेकण्यासाठी त्यांनी मुंबईत गावागावांच्या ‘कूड’ नावाच्या सामायिक बिऱ्हाडांची व्यवस्था उभारली. आजाऱ्याची शुश्रूषा, नव्या माणसाला नोकरीची वाट दाखविणे, अडल्यानडल्यास मदत, हे सारे तेथे आपसांत चाले. आपण मजूर आहोत, याविषयी त्या तारवट्याच्या मनात संशय नव्हता. म्हणूनच तो आपल्या माणसांत राहिला. आजचा पदवीधर मात्र एकटा निघतो. आपण कामगार आहोत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उलट आपण कामगार नाही, हेच तीन-चार वर्षे त्याच्या मनावर ठसविले गेलेले असते.

हे शिक्षण देण्याची व्यवस्था सरकारनेच उभी केली. मुंबईत १९५४ साली खानपान-शिक्षणाची देशातील पहिली संस्था सुरू झाली. १९८२ साली हॉटेल व्यवस्थापन व खानपान तंत्रज्ञानाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि १९८३ साली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था, जिचे मुख्य केंद्र ग्वाल्हेरला आहे. त्या काळी सार्वजनिक क्षेत्रात नोकऱ्याही होत्या. १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय पर्यटन विकास महामंडळाची हॉटेले देशभर पसरली होती, आणि तेथील कर्मचाऱ्याला कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी व युनियन या तिन्ही गोष्टी मिळत. पुढे ही बाजू सरकारनेच मोडीत काढली. २००१ व २००२ या दोन वर्षांत महामंडळाची बहुसंख्य हॉटेले विकण्यात किंवा भाडेपट्ट्याने देण्यात आली. मुंबई विमानतळाजवळचे सरकारी मालकीचे सेंटॉर हॉटेल २००२ साली ८३ कोटी रुपयांना विकले गेले, आणि खरेदीदाराने ते काही महिन्यांतच ११५ कोटींना दुसऱ्याच्या गळ्यात घातले. त्या व्यवहारात कोणाचे उखळ पांढरे झाले, हे उघड आहे. ज्या तरुणांना तेथे कायमची नोकरी लागली असती, त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

एकीकडे सरकारी नोकऱ्या आटत गेल्या आणि दुसरीकडे भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी महाविद्यालयांचे पेव फुटले. देशी हॉटेलमालकाला याचा दुहेरी फायदा झाला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येणारा ‘प्रशिक्षणार्थी’ नाममात्र विद्यावेतनावर महिनोन् महिने राबतो, आणि पदवी मिळाल्यावर तोच तरुण कंत्राटी नेमणुकीसाठी रांगेत उभा राहतो. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात व्यापारी पेढ्यांवरील कारकुनांच्या उदाहरणाने ही प्रक्रिया उलगडून दाखविली आहे. शिक्षणाचा प्रसार होतो तसतशी हिशेब, पत्रव्यवहार, परभाषा ही एके काळची दुर्मीळ कौशल्ये मुबलक होतात आणि त्या कौशल्यांना मिळणारा चढा दर उतरू लागतो. पर्यटन व्यवस्थापनाच्या पदवीचे नेमके हेच झाले आहे. तेव्हा तरुणाने परदेशी नोकरी शोधावी, यात त्याचा लोभ किंवा देशाविषयीची अनास्था शोधणे अन्यायाचे होईल. तो जातो, कारण येथे त्याच्या श्रमाला दर नाही.

कायद्यातील पळवाट

परदेशी नोकरीला जाणाऱ्या भारतीयांच्या संरक्षणासाठी १९२२ च्या वसाहतकालीन कायद्याच्या जागी १९८३ साली उत्प्रवासन कायदा आला. आखाती देशांत मजुरांचा ओघ सुरू झाला होता आणि दलालांच्या लुटीच्या कहाण्या रोज कानावर येत होत्या. या कायद्याने भरती करणाऱ्याला परवान्याची सक्ती केली, कामगाराकडून घ्यावयाच्या शुल्कावर मर्यादा घातली आणि उत्प्रवासी संरक्षक हा अधिकारी नेमला. आजच्या नियमांनुसार परवानाधारक दलालाला एका उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर, यापेक्षा अधिक घेता येत नाही.

मात्र हे संरक्षण कोणाला लागू आहे, हे कायद्याच्या व्याख्येत पाहावे लागते. ‘काम’ या शब्दाची व्याख्या करताना तेथे अकुशल मजुरी, घरकाम, वाहनचालक, कारागीर, टंकलेखक, परिचारिका अशी यादी दिली आहे. हॉटेल, उपाहारगृह व चहाचे दुकान यांतील नोकरीचाही तीत समावेश आहे. परंतु तेथे एक अपवाद जोडलेला आहे. ती नोकरी व्यवस्थापकीय स्वरूपाची असता कामा नये! म्हणजे हॉटेलात कपबशा विसळण्यासाठी जाणारा मनुष्य कायद्याच्या छत्राखाली येतो आणि ‘मॅनेजर’ म्हणून जाणारा त्याबाहेर राहतो. १९८३ साली या अपवादाला कदाचित काही अर्थ असेल. त्या वेळी हॉटेलचा व्यवस्थापक म्हणजे मालकाच्या वतीने कारभार पाहणारा एखादा अधिकारी होता. आज तीच पाटी वाढप्याच्या छातीवर लावली जाते. हुद्द्याचे नाव बदलणे मालकाला फुकट पडते, आणि त्या नावासरशी परवान्याचे व शुल्कमर्यादेचे बंधन आपल्याला लागू नाही, असे म्हणायला दलाल मोकळा होतो.

दुसरी पळवाट पासपोर्टाची आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया, थायलंड यांच्यासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासन तपासणी आवश्यक असते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला या तपासणीतून सूट आहे. शिकलेला मनुष्य आपले हित स्वतः पाहू शकतो, हे त्यामागचे गृहीतक. ही सूट अनेकांना बढतीसारखी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे करारपत्र तपासून पाहणारा अधिकारी मधून नाहीसा होतो, आणि तपासणीतून जाणाऱ्या मजुराला सक्तीने मिळणारा १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही पदवीधराला आपोआप मिळत नाही. ही उणीव सरकारच्या लक्षात आली नव्हती, असेही नाही. १ जानेवारी २०१९ पासून या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या, तपासणीतून सूट असलेल्या पासपोर्टधारकांनीही ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी केली पाहिजे, असा आदेश परराष्ट्र मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला. तो महिना संपण्यापूर्वीच आदेशाला स्थगिती मिळाली.

शिक्षणाने फसवणुकीपासून रक्षण होते, हे गृहीतक गेल्या काही वर्षांत पुरते कोसळले आहे. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी, या आमिषाने गेलेले सुशिक्षित भारतीय तरुण सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये द्यावा लागला. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून अशा ५०० हून अधिक भारतीयांना परत आणण्यात आले. नोकरीच्या शोधात निघालेला तरुण पर्यटक म्हणून विमानात बसतो, आणि त्या क्षणापासून नोकर म्हणून त्याची कागदोपत्री नोंदच राहात नाही.

परदेशी पोचल्यावर पुढची साखळी सुरू होते. आखाती देशांतील ‘कफाला’ पद्धतीत परक्या कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. अमिराती व सौदी अरेबियात कामगारांना स्वतःची युनियन स्थापण्याची मुभा नाही. बहरीनने २००२ साली व ओमानने २००६ साली कायद्याने ती दिली. कतारने २०२० साली मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली, आणि मार्च २०२१ पासून तेथे सर्व कामगारांना १,००० रियाल किमान मूळ वेतन लागू झाले. हे औदार्यापोटी घडले नाही. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय कामगार चळवळीने वर्षानुवर्षे आवाज उठविला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे २०१४ साली रीतसर तक्रार दाखल झाली, तेव्हा कोठे हे घडले. मालकांचे देश दडपणाखाली नमतात, हाच त्याचा धडा.

दोन उदाहरणे, एक निष्कर्ष

पदवीधर कामगाराला संरक्षण देणे अवघड आहे, ही सबब टिकणारी नाही. देशातच त्याची दोन उदाहरणे आहेत.

पहिले परिचारिकांचे. त्यांच्याकडेही शिक्षण होते आणि तपासणीतून सूट देणारा पासपोर्टही होता. दलाल त्यांच्याकडून लाखो रुपये उकळीत. २०१४ च्या उन्हाळ्यात इराकमधील तिक्रीत येथे अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांची सुटका झाली आणि या प्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. २०१५ साली केंद्र सरकारने १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना उत्प्रवासन तपासणी सक्तीची केली आणि त्यांची भरती केरळच्या ‘नोर्का रूट्स’सारख्या सरकारी संस्थांमार्फतच व्हावी, असा नियम केला. म्हणजे इच्छा असेल तेथे पदवीचा अडसर एका आदेशाने दूर होतो.

दुसरे उदाहरण समुद्रावरील हॉटेलांचे, म्हणजे पर्यटक-जहाजांचे. गोवा, कोकण व मुंबईतील हजारो तरुण या जहाजांवर काम करतात. २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आहे, आणि भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारी व्यक्ती खलाशी समजली जाते. आचारी, वाढपी, केबिन साफ करणारा आणि हॉटेल विभागाचा व्यवस्थापक, सारे एकाच कायद्याखाली! नोकरी मिळवून देण्यासाठी त्यांच्याकडून शुल्क घेण्यास मनाई आहे, आणि २४ तासांत किमान १० तास व आठवड्यात किमान ७७ तास विश्रांतीचा हक्क आहे. सोयीचे झेंडे लावून फिरणाऱ्या जहाजांवर हे नियम मोडले जातात, हे खरे. परंतु मोडलेल्या नियमाविरुद्ध बोट दाखविता येते. किनाऱ्यावरील हॉटेलात तेच काम करणाऱ्या पदवीधराला बोट दाखवायला नियमच नाही.

हा फरक आपोआप पडलेला नाही. जहाजावरील कामगार शंभराहून अधिक वर्षे संघटित आहे, आणि हुद्द्यांच्या भिंती त्याच्या चळवळीने पाडल्या. किनाऱ्यावरील कामगार विखुरलेला राहिला आणि हुद्द्याला भुलला. देशातही त्याची हीच कोंडी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला कामगाराच्या व्याख्येतून वगळले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तोच पायंडा चालू ठेवला. मालक मॅनेजरांची संख्या का वाढवितो, याचे उत्तर येथे सापडते.

२०२० साली या साऱ्याची कसोटी लागली. महामारीमुळे जगातील आंतरराष्ट्रीय पर्यटन सुमारे तीन-चतुर्थांशाने घसरले. हॉटेले बंद पडली, जहाजे बंदराबाहेर नांगरून पडली, आणि भारतीय कर्मचारी आठवडेच्या आठवडे समुद्रावर अडकले. मे महिन्यात सरकारने परतीची विमाने सुरू केली, तेव्हा नोकरी गमावलेल्या माणसाकडूनच विमानाचे भाडे घेण्यात आले. परदेशस्थ भारतीयांकडून २०२२ साली देशात १११ अब्ज डॉलर आले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. तेवढी रक्कम मिळविणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. त्या आकड्याचा राज्यकर्ते अभिमानाने उच्चार करतात. डॉलर पाठविणाऱ्याच्या वाट्याला मात्र संकटकाळी तिकिटाची पावती आली.

मागणी आणि कार्य

१९८३ च्या कायद्याच्या जागी आणावयाच्या विधेयकाचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ साली लोकांपुढे ठेवण्यात आले. प्रत्येक मसुद्याला एकच कसोटी लावली पाहिजे : संरक्षण कामाच्या स्वरूपावरून ठरते, की नावावरून व शालेय प्रमाणपत्रावरून? हॉटेल व पर्यटन व्यवसायातील व्यवस्थापकीय अपवाद रद्द झाला पाहिजे. १८ देशांत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची, मग तो पदवीधर असो वा निरक्षर, नोंदणी, करारतपासणी व विमा सक्तीचा झाला पाहिजे. कायदा मोडणाऱ्या दलालाला जास्तीत जास्त दोन वर्षे कैद व अवघा २,००० रुपये दंड, ही १९८३ सालची शिक्षा आज थट्टेचा विषय झाली आहे. ती कठोर व्हावी. परिचारिकांप्रमाणे या क्षेत्रातील भरतीही राज्य सरकारांच्या संस्थांमार्फत व्हावी. हॉटेल व उपाहारगृहांतील कामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ साली केलेला १७२ क्रमांकाचा करार नोकऱ्यांच्या खरेदी-विक्रीला मनाई करतो आणि टिपांवर विसंबून न ठेवता नियमित मूळ वेतन देण्यास सांगतो. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही, ती द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, पर्यटनाच्या विकासाचा उदोउदो करणाऱ्या सरकारने आपल्याच महामंडळांत कायम नोकऱ्या निर्माण कराव्यात.

पण कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसणे परवडणार नाही. पक्षाचे सभासद ज्या वस्तीत, ज्या महाविद्यालयात, ज्या कचेरीत आहेत, तेथे हा तरुण त्यांच्या शेजारीच आहे. पुष्कळदा तो त्यांचा स्वतःचाच मुलगा किंवा मुलगी आहे. त्याला परदेशाचा मोह सोडण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याच्याबरोबर बसून करारपत्र वाचावे. दलालाचा परवाना ‘ई-मायग्रेट’वर, आणि जहाजाची नोकरी असल्यास नौवहन महासंचालनालयाच्या यादीत, आहे की नाही हे पाहावे. पर्यटक-व्हिसावर नोकरीला जाऊ नये, हे ठामपणे सांगावे. पगारात मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे विचारावे. अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ वेतनावरच मोजली जाते. भत्ते फुगवून मूळ वेतन आवळणाऱ्या करारात मोठ्या आकड्यामागे तोटा दडलेला असतो. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तो स्वतःकडे ठेवून घेण्याचा मालकाला अधिकार नाही, हे प्रत्येक मुलाला, आणि विशेषतः एकट्याने जाणाऱ्या प्रत्येक मुलीला, निघण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि प्रत्येक कागदाची प्रत घरी राहिली पाहिजे.

विद्यार्थी संघटनांनी हॉटेल व पर्यटन शिक्षणाच्या संस्थांत हा प्रश्न नेला पाहिजे, आणि कामगार संघटनांनी परत आलेल्यांना एकत्र आणले पाहिजे. नव्याने निघालेल्याला सर्वांत खरा सल्ला परत आलेलाच देऊ शकतो. मुंबईच्या कुडीत जुना तारवटी नव्याला हेच सांगत असे : कोणत्या बोटीवर जावे, कोणाच्या सहीवर भरवसा ठेवू नये, अडचण आली तर कोणाचे दार ठोठवावे. ते दार आज प्रत्येक शहरात उघडे राहिले पाहिजे. छातीवरच्या पाटीवर मालक काहीही लिहो. महिनाअखेरच्या वेतनावर ज्याची चूल पेटते तो कामगार आहे, आणि कामगार म्हणूनच त्याला त्याचा हक्क मिळाला पाहिजे.